मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला, अजून एक शब्द नाही. सोलापुरात सुरुवात कुठून करायची?

साखर पेठेतली आई:
नमस्कार सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे आणि अजून एकही शब्द बोलत नाही. आवाज काढतो, खेळताना आ आ ऊ ऊ चालू असतं, पण आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. चालायला पण विसाव्या महिन्यात लागला. आठवा महिना संपता संपता जन्मला होता, १ किलो ९०० ग्रॅम वजन, नऊ दिवस पेटीत होता, नंतर मात्र तब्येत चांगली धरली.

हाक मारली तर मान वळवत नाही. कुकरची शिट्टी झाली की दचकतो म्हणून घरचे म्हणतात कान चांगले आहेत. भूक लागली की माझं मनगट धरून भाकरीच्या डब्यापाशी ओढत नेतो आणि माझा हात उचलून झाकणावर ठेवतो, तोंडाकडे बघत नाही, बोट दाखवत नाही, नुसता हात ठेवतो आणि थांबतो. मला तेव्हा पोटात कसंतरी होतं.

सासरी तेलुगू, मी मराठी, शेजारी कानडी, त्यामुळे जो येतो तो म्हणतो तीन भाषांनी पोर गोंधळलंय, एकच भाषा ठेवा. सासूबाई म्हणतात याचा बाप पण तीन वर्षांनी बोलला. वेखंड उगाळून लावून झालं, जावळ काढून झालं. मिस्टर लूमवर रात्रपाळीला असतात, दिवसा झोप, त्यांच्याशी नीट बोलणंच होत नाही.

मागच्या महिन्यात एका खाजगी सेंटरला गेलो होतो. पंधरा मिनिटं बघितलं, मला बाहेर बसवलं, पोरगा आत रडतोय आणि मी बाहेर दाराला कान लावून. बाहेर येऊन सांगितलं ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, वाटतोय, रोज यावं लागेल, सहा महिन्यांचे पैसे आधी भरा. कानाची तपासणी सांगितली नाही, कागदावर काही लिहून दिलं नाही. आमच्याकडं एवढे पैसे नाहीत. येताना कन्ना चौकात रिक्षात बसून रडले मी.

सरकारी काही सोय आहे का, तिथं जायला आधी अपंगत्वाचा दाखला लागतो का, आणि तोपर्यंत घरी काय करायचं? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

विजापूर रोड:
ताई घाबरू नका. मुलगे उशिराच बोलतात, माझा पुतण्या तिसऱ्या वर्षी बोलला आणि आता बोलायचा थांबत नाही. सहा महिने थांबून बघा, उगाच लहान जीवाला दवाखान्यातून फिरवू नका.

बार्शीकडची:
विजापूर रोड दादा, तुम्ही धीर द्यायला लिहिलंय ते कळतंय, पण मी हात जोडून सांगते, थांबा असं कुणालाच सांगू नका. आम्ही थांबलो होतो. माझी मुलगी पण मिरवणुकीतला ढोल वाजला की नाचायची, दार आपटलं की बघायची, म्हणून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की तिला ऐकू येतंय. तिला मोठे आवाज येत होते, जमिनीचा हादरा कळत होता, पण माणसाचं बोलणं पोचतच नव्हतं. हे आम्हाला कळलं ती पावणेतीन वर्षांची झाल्यावर. गेलेलं वर्ष काही परत मिळालं नाही.

ताई, कुकरची शिट्टी ही तपासणी नाही. सगळ्यात आधी कान बघून घ्या, बाकी काहीही असू दे. सिव्हिलला कान-नाक-घशाच्या ओपीडीला दाखवा आणि बेरा टेस्टची चौकशी करा. एवढ्या लहान मुलाला बटन दाब, हात वर कर असं सांगून तपासता येत नाही म्हणून बेरा झोपेत करतात, कपाळाला आणि कानामागे चिकटपट्टीने वायरी लावतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि नसेतून मेंदूपर्यंत सिग्नल जातोय का ते मशीनवर दिसतं. दुखत नाही. पण पोरगं झोपलं पाहिजे हीच खरी परीक्षा. आम्ही तिला पहाटे चारला उठवलं, गाडीत झोपू दिलं नाही, ह्यांनी तिला खांद्यावर घेऊन पूर्ण आवारात फिरवलं आणि नंबर आल्यावर दूध पाजलं तेव्हा कुठं झोपली. एकदा अर्धवट उठली म्हणून परत जावं लागलं होतं, तशी तयारी ठेवा. सर्दी असेल तर आधी सांगा, कानात पाणी किंवा मळ असला तरी रिझल्ट बिघडतो.

आम्ही नंतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत पण जाऊन आलो, ती केंद्र सरकारची आहे, कानाचं आणि बोलण्याचं सगळं तिथं बघतात. तिच्या कानाला ऐकण्याचं मशीन लावलं त्या दिवशी मी तिच्या मागे उभी होते, हात हलला आणि बांगड्या वाजल्या, तर ती गर्रकन वळली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. इतके दिवस त्याच बांगड्या घालून मी तिला जेवू घालत होते.

तुमच्या बाळाला ऐकण्याचाच त्रास असेल असं मी म्हणत नाही. पण ते कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट ठरत नाही, ऑटिझम पण नाही.

अंगणवाडी सेविका, दक्षिण सोलापूर:
ताई तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. सरकारी सोय आहे आणि ती तुमच्या गल्लीपासून सुरू होते, फक्त लोकांना माहीत नसते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, आम्ही आरबीएसके म्हणतो. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, जन्मतः असलेले दोष, कमतरतेचे आजार, बालपणीचे आजार आणि वाढ-विकासातला उशीर असे चार भाग आहेत. तुमचं बाळ या चौथ्यात येतं. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि औषधनिर्माता असतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि शाळेत एकदा.

पण पथक येईल तेव्हा बघू म्हणून बसू नका. उद्या सकाळी जवळच्या अंगणवाडीत जा, शहरात पण आहेत अंगणवाड्या, आणि ताईंना म्हणा माझ्या मुलाला पथकाला दाखवायचंय. पथकाच्या डॉक्टरांशी त्यांचा संपर्क असतो. तिथून डीईआयसीची, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, ऐकणं-बोलणं तपासणारे, मानसतज्ज्ञ, डोळे तपासणारे, विशेष शिक्षक असे सगळे एकाच ठिकाणी असावेत अशी त्या केंद्राची रचना आहे. कधी एखादी जागा रिकामी असते, मग ते दुसरीकडे पाठवतात, तेवढा हेलपाटा होतो, पण पैसे लागत नाहीत. आणि तिथं जायला अपंगत्वाचा दाखला अजिबात लागत नाही. दाखला ही वेगळी गोष्ट आहे, त्याची वाट बघत उपचार थांबवू नका.

जाताना लसीकरणाचं कार्ड न्या, ते माता-बाल संरक्षण कार्ड. त्यात आतल्या पानावर चित्रं आहेत, बाळ कितव्या महिन्यात मान धरतं, बसतं, बोट दाखवतं, दोन शब्द जोडतं. बहुतेक आया ते पान बघतच नाहीत, नुसत्या लसीच्या तारखा बघतात. तुम्ही आज रात्री ते पान उघडा आणि पेन्सिलनं खुणा करा, काय येतं काय नाही. डिस्चार्ज कार्ड पण न्या, पेटीत होता हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. कमी दिवसांच्या आणि पेटीत राहिलेल्या बाळांकडं जास्त लक्ष द्यावं लागतं.

एक मनापासून सांगते. तपासणीच्या दिवशी आया भीतीनं खोटं बोलतात हो. बोलतो का, तर म्हणतात सगळं बोलतो. मागे सासू उभी असते, शेजारीण उभी असते, कशी सांगणार खरं. मी स्वतः हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी आईला बाजूला घेऊन वेगळं विचारते. तुम्ही जे इथं लिहिलंय, डब्याचं आणि मनगटाचं, तेच जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. जमलं तर मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात पोरं वेगळीच वागतात.

वाचा उपचार करते:
मी स्पीच थेरपिस्ट आहे, इथं बसून निदान करणार नाही, ते कुणीच करू नये. बार्शीकडच्या ताईंनी कानाबद्दल सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर.

भाषेचं आधी बोलते कारण आपल्या सोलापुरात हा सल्ला फार फुकट दिला जातो. दोन-तीन भाषांच्या घरात वाढल्यामुळे मुलाचा विकास मागे पडत नाही. इथल्या किती घरात अम्माशी तेलुगू, बाहेर मराठी, दुकानात कानडी-हिंदी चालतं, ती पोरं बोलतातच की. तुमच्या मुलाचा मुद्दा कुठली भाषा हा नाही, तो बोट दाखवत नाही, हाकेला बघत नाही, हा आहे. त्या खुणा कुठल्याही भाषेच्या आधी येतात. आजीला तेलुगू बोलणं बंद करायला लावलं तर होतं काय, घरातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस गप्प होतं आणि बाळाचंच नुकसान होतं. ज्याला जी भाषा मायेनं येते त्यानं त्या भाषेत बोलावं.

लवकर जन्मला म्हणून वयात महिना-सव्वा महिना सूट धरली तरी तो दोन वर्षांच्या पुढेच येतो. दोन वर्षांच्या मुलानं दोन शब्द जोडणं अपेक्षित असतं, मम पाणी, बाबा गेले असं. त्यामुळे थांबण्यासारखं नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची एम-चॅट नावाची प्रश्नावली असते, तुमचा मुलगा त्या वयात बसतो, केंद्रात भरून घ्यायला सांगा. पण ती चाळणी आहे, निदान नाही. ऑटिझमचं निदान पंधरा मिनिटांत पाठ फिरवून सांगण्याची गोष्ट नाही, मूल खेळताना बघावं लागतं, आईवडिलांशी सविस्तर बोलावं लागतं. आणि निदान व्हायला वेळ लागला तरी काम आजच सुरू करता येतं, कारण बघणं, वाट बघणं, मागणं हे प्रत्येकच मुलाला शिकवायचं असतं.

खाजगीत जायचंच झालं तर दोन गोष्टी विचारा. आई आत बसणार का, आणि पुढच्या तीन महिन्यांत काय काय जमवायचंय ते लिहून देणार का. नाही म्हणाले तर तिथं पैसे भरू नका. थेरपिस्टकडे आठवड्याला दोन-तीन तास, बाकी सगळा वेळ मूल तुमच्याकडे, मग तुम्हालाच दाराबाहेर बसवून कसं चालेल? ऑटिझम मुळापासून घालवतो, स्टेम सेल करू, असं कुणी म्हणालं तर लगेच उठून या. ऑटिझमसाठी तो मान्य उपचार नाही.

घरी काय करायचं, तर त्याचा डब्याचा प्रसंगच घ्या. तो हात नेऊन झाकणावर ठेवतो, तुम्ही लगेच भाकरी काढून देत असाल. आता खाली बसा, तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर येऊ दे. डबा तुमच्या गालाजवळ धरा. "दे" एवढंच म्हणा आणि मनात पाच अंक मोजा, काहीच करू नका. तो बघेल, आवाज काढेल, हात पुढे करेल, जे येईल त्याला होकार धरून लगेच तुकडा द्या, छोटा तुकडा, म्हणजे परत मागायला येईल. रडेपर्यंत ताणायचं नाही. बोल बोल, म्हण आई म्हण, असं मागे लागायचं नाही. शेंगा सोलताना पण हेच, एक शेंग फोडायची, दाणा द्यायचा, पुढची मुठीत ठेवून थांबायचं.

मोबाईल बघतो का? त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही.

साखर पेठेतली आई:
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना दोनदा थांबले. हो मॅडम, जेवताना मोबाईल लावते, नाहीतर घास घेत नाही. दिवसभरात तीन तास तरी होत असेल, ह्यांची झोप मोडू नये म्हणून दुपारी पण देते. माझ्यामुळेच झालं का हे?

वाचा उपचार करते:
नाही ताई. मोबाईलनेच झालं असं मी म्हणणार नाही आणि तुम्ही पण ते मनाला लावून घेऊ नका. पण तो पडद्याकडे बघतो तेवढा वेळ तुमच्या तोंडाकडे बघत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली अजिबात नको आणि दोन ते पाचमध्ये फार तर एक तास म्हणते. एकदम बंद करू नका, घरात युद्ध होईल. आधी फक्त संध्याकाळचं जेवण मोबाईलशिवाय, आजीच्या मांडीवर. आठ दिवस कमी खाईल, चालतं.

हैदराबाद रोडचा बाबा:
ताई मी पण लूमवरच होतो, आता दुसरं काम करतो. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे, निदान तिसऱ्या वर्षी झालं. बायका सगळं लिहितात, बापांचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितोय. मी दीड वर्ष हे मान्यच केलं नाही, बायको एकटी एस्टीनं पोराला घेऊन फिरत होती आणि मी म्हणायचो तुला वेड लागलंय. तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. रात्रपाळी करून आलेला माणूस दमलेला असतो हे मला माहीत आहे, पण वीस मिनिटं निघतात.

आमचा खेळ सांगतो. घरात चादर आहेच, सोलापुरात कुणाच्या घरात नाही. पोराला मधे झोपवायचं, दोन टोकं मी धरायची दोन बायकोनं, चार झोके द्यायचे आणि थांबायचं. एकदम थांबायचं, काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी तो नुसता पडून राहिला. आठ-दहा दिवसांनी थांबलो की मान उचलून माझ्याकडे बघायला लागला. मग तो बघितला की "अजून" म्हणून झोका. असं करत त्याचा पहिला शब्द "जून" आला, साडेतीन वर्षांचा होता. चादर जाड घ्या, खाली गादी टाका, आणि भीती वाटत असेल तर जबरदस्ती नको.

कागदाचं सांगतो. निदान झालं आणि डॉक्टर म्हणाले तरच दाखल्याचं बघा, आत्ता नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी, मग यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. लहान मुलांना बऱ्याचदा ठराविक मुदतीचा दाखला देतात, मुदत संपली की परत तपासणी, म्हणून एक्सपायरी डेट मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, आमची चुकली होती. दाखला मिळाल्यावर नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विम्याची योजना बघा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत आणि त्यात थेरपीचा खर्च पण बसतो. प्रत्येक बिल, प्रत्येक चिठ्ठी एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावत जा, प्रत्येक ठिकाणी मूळ कागद मागतात आणि झेरॉक्स काढायला पळावं लागतं.

विजापूर रोड:
मी वर थांबा म्हणालो होतो ते मागे घेतो. घरी पुतण्याच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली तो शब्द बोलत नव्हता पण दीड वर्षाचा असल्यापासून बोट दाखवून सगळं मागायचा, हाक मारली की पळत यायचा. हा फरक मला माहीत नव्हता. ताई, सिव्हिलला जायला गाडी लागली तर सांगा, मी सकाळी सात रस्त्याकडेच असतो.

साखर पेठेतली आई:
पाच आठवडे झाले, कळवायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी अंगणवाडीत गेले. ताईंनी पथकाच्या डॉक्टरांना फोन लावला, पुढच्या आठवड्यात त्यांनी बघितलं आणि चिठ्ठी दिली. मी कार्डावर पेन्सिलनं खुणा केल्या होत्या, डॉक्टर मॅडम ते पान किती वेळ बघत होत्या. सासूबाई बरोबर होत्या, मी त्यांच्यासमोरच सगळं खरं सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत.

कानाची पहिली तपासणी सर्दीमुळे नीट आली नाही, औषध देऊन परत बोलावलं. बेराला पहाटे चारचाच उपाय केला बार्शीच्या ताई, ह्यांनीच खांद्यावर घेऊन फिरवलं. रिपोर्ट नॉर्मल आला, दोन्ही कान. आनंद पण झाला आणि लगेच कळलं की म्हणजे कारण दुसरं आहे. ऑटिझमचं अजून पक्कं सांगितलेलं नाही, पुढच्या महिन्यात परत बसून बघणार आहेत. पण थेरपी सुरू केली, दर बुधवारी जातो, मी आत बसते, घरी काय करायचं ते वहीत लिहून देतात.

मोबाईल संध्याकाळी बंद झालाय, दुपारी अजून देते. पहिले चार दिवस फार वाईट गेले.

चादरीचा खेळ आमच्याकडे ह्यांनी आणि सासूबाईंनी घेतलाय, मला धरूच देत नाहीत. ह्यांनी लेख वाचल्यासारखं तुमचं उत्तर वाचलं दादा, काही बोलले नाहीत, कामावरून आले आणि चादर काढली. सासूबाई झोक्याआधी तेलुगूत मोजतात, ओकटी, रेंडू, मूडू, आणि मूडूला झोका. परवापासून त्या रेंडू म्हणून थांबल्या की तो त्यांच्या तोंडाकडे बघतो आणि "ऊ" म्हणतो. दरवेळी नाही, पाचातल्या दोन वेळा. मॅडम, हे धरायचं का? का नुसताच आवाज आहे?

वाचा उपचार करते:
धरायचं. वहीत तारीख घालून लिहा, "मूडूच्या जागी ऊ, आजीकडे बघून". बुधवारी तीच ओळ दाखवा, आणि आजींना पण घेऊन जा.